जमनाबाईंची उलटी गाठ

जमनाबाईंच्या हातात काहीही ठेवा, त्या आधी गाठ चाचपत. भाजीची पिशवी असो की डब्याचं फडकं, डोळे समोरच्याच्या तोंडावर आणि अंगठा गाठीवर. एकदा मी विवळवेढ्याहून महालक्ष्मीचा प्रसाद आणला होता, दोरा बांधलेल्या पुडीत. त्यांनी पुडी कपाळाला लावली, मग दोऱ्यावरून अंगठा फिरवला आणि विचारलं, "हा बांधला कोणी?" देवीच्या प्रसादाचीही उलटतपासणी घेणारी दुसरी बाई मी पाहिली नाही. आज त्या हयात नाहीत. असत्या, आणि मी त्यांच्यावर लिहितोय हे त्यांना कळलं असतं, तर पहिला प्रश्न आला असता, "कोणी सांगितलं लिवायला?"

मी तेव्हा प्रदूषणावर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी खात्यात होतो, डहाणूच्या कचेरीत. जमनाबाई झाई गावच्या, बोंबील सुकवून विकणाऱ्या. तलासरीकडे रंगाचा एक कारखाना होता. त्याच्यामागचा नाला पुढे खाडीला मिळे आणि त्याच खाडीच्या पाण्यात या बायका बोंबील धूत. नाला लाल झाला की त्या आठवड्याचा माल औषधासारखा वास मारी. बांबूच्या वलांड्यांवर दोन-दोन दिवस वाळवलेले बोंबील गिऱ्हाईक हुंगून परत टोपलीत टाकी. त्यांच्या आळीतल्या सात-आठ घरांच्या चुली त्या टोपल्यांवर पेटत होत्या. जमनाबाईंनी तीन अर्ज केले. तिन्ही वेळा आमच्या खात्याने नाल्याचा नमुना घेतला आणि तिन्ही वेळा अहवाल आला, पाणी मर्यादेत आहे.

चौथा अर्ज घेऊन त्या आल्या तेव्हा मी नुकताच बदलून आलो होतो. "बसा मावशी," मी म्हणालो.

"मावशी कवा झाले मी तुमची? जमना नाव हाय. अर्जावर लिवलंय." त्या उभ्याच राहिल्या. "मना येवढंच सांगा साहेब, नाल्यात लाल असलेलं पाणी तुमच्या कचेरीत येईतो पांढरं कसं होते?"

मला राग आला. खरं सांगायचं तर मलाही त्यांचा संशय आला. या बाईला कुणी पाठवलं असेल? दुसऱ्या कुठल्या कारखान्याच्या शेठने? आमच्या नोकरीत प्रदूषण करणाऱ्याच्या आधी तक्रार करणाऱ्यावर संशय घ्यायची खोड लागते, आणि ती मला फार लवकर लागली होती. तरी पुढच्या सोमवारी नमुना घ्यायला गेलो.

जमनाबाई माझ्याआधी नाल्यावर हजर होत्या. पहाटेची बस धरून आल्या होत्या. मी बाटली भरली, चिठ्ठीवर सगळ्यांच्या सह्या घेतल्या, तोंडावर लाख ओतून पितळी शिक्का उठवला. मग बाईंनी कमरेच्या पिशवीतून जाळ्याचा दोरा काढला आणि लाखेवरून उभा-आडवा घेऊन बाटलीच्या मानेशी आवळून गाठ मारली.

"हे कशाला?"

"लाख तुमची, शिक्का तुमचा. गाठ माझी."

कारखान्याचा गुजराती मॅनेजर हसत म्हणाला, "माजी, कोई पर भरोसो ज नथी?"

"बोंबलावर पण नाय. दोन उन्हं दाखवल्याबिगर मी त्याला घरात नाय घेत."

परतताना चारोटीला मला चहाची तल्लफ आली. चालक आणि मी हॉटेलात शिरलो, चहाबरोबर मिसळही मागवली. गाडी रस्त्यापलीकडे उभी होती. तिच्यात बर्फाची पेटी, पेटीत बाटली, आणि शेजारच्या पिशवीत लाख अन् तो पितळी शिक्का. अर्धा तास मी गाडीकडे पाठ करून बसलो होतो. तेव्हा मला त्यात काहीच वावगं वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी जमनाबाईंचा डहाणूच्या बाजाराचा वार होता. बाजारात बसायच्या आधी टोपली घेऊन त्या थेट कचेरीत आल्या. शिपायाने नाकाला रुमाल लावला. "बाटली दाखवा," त्या म्हणाल्या. मी पेटी उघडली. त्यांनी मानेवरच्या दोऱ्यावर अंगठा ठेवला आणि तिथेच थांबल्या.

"ही माझी गाठ नाय."

"अहो, लाख बघा. शिक्का बघा, चिठ्ठी बघा. सगळं शाबूत आहे."

"ते तुमचं. मी माझं बोलते." त्यांनी माझी पेन्सिल उचलली, तिच्यावर दोरा गुंडाळून गाठ मारली आणि बाटलीशेजारी धरली. "माझा सासरा डावखुरा. आमच्या घरात जालं विणायला त्यानं शिकवलं, म्हणून सगले उलटंच बांधतात. हे शेपूट बघा. माझं या अंगाला निघते, याचं त्या अंगाला."

मलासुद्धा दिसलं. तरी मी हट्टाने म्हणालो, "काल घाईत तुमचा हात चुकला असेल."

"चालीस वरसं जालं शिवते. हात चुकायला मी काय काल आलेली नवरी हाय?"

मग एकदम चारोटीचा तो अर्धा तास आठवला. बाटली उघडली, पाणी बदललं, माझ्याच शिक्क्याने पुन्हा बंद केली. कोणी, ते मला आजतागायत कळलेलं नाही. मिसळ खायला मीच सुचवलं होतं की चालकाने, हेही मी कितीदा तरी आठवून पाहिलंय. त्यानंतर त्याच्याशी मी कधी मोकळेपणाने बोललो नाही. कदाचित बिचाऱ्याचा काही दोष नसेल.

माझ्या वरच्या साहेबांनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाले, "दोऱ्याच्या गाठीला कोण विचारतो? सील शाबूत आहे, पाठवून द्या." पाठवलं असतं तर चौथ्यांदा पाणी मर्यादेत आलं असतं आणि जमनाबाईंची तक्रार कायमची निकाली निघाली असती. न पाठवायचं तर बाटली आणि शिक्का माझ्या नजरेआड होते, हे मला लिहून द्यावं लागणार होतं. माझी बढती त्याच वर्षी होती. मी दुपारभर कागद पुढे घेऊन बसलो. खिडकीतून दिसत होतं, बाई बाजारात गेल्याच नव्हत्या. फाटकाशी टोपली ठेवून बसल्या होत्या आणि माझ्या खिडकीवर नजर लावून होत्या. मला त्यांची भीती वाटली, आणि लाजही. मी लिहून दिलं.

नमुना रद्द झाला. मला कारणे दाखवा नोटीस मिळाली, बढती लांबली. पण नवा नमुना न कळवता घेतला, जमनाबाईंच्या गाठीसकट, आणि बाटली मांडीवर घेऊन थेट प्रयोगशाळेत गेलो. या वेळी अहवालात सगळं उतरलं. कारखान्याला टाळं लागलं, आणि पाणी शुद्ध करायची यंत्रणा खरोखर चालू झाल्यावरच ते निघालं. पुढे मॅनेजरने स्वतःहून नाल्याच्या तोंडाशी बाईंसाठी खुर्ची ठेवली. दर सोमवारी त्या पाणी बघून जात, पण बसत नसत. म्हणत, "त्याच्या खुर्चीवर बसलं का नाला दिसत नाय."

माझे आभार त्यांनी कधी मानले नाहीत. एकदा मीच विषय काढला, तर म्हणाल्या, "खरं लिवलंत ते बरं केलं. पण पेटी सोडून खायला पण तुमीच गेलेलेत." मला ते लागलं, कारण ते खरं होतं.

माझी बदली झाली तेव्हा त्या कचेरीत आल्या आणि सुक्या बोंबलांचं एक पुडकं टेबलावर ठेवलं. जाळ्याच्या दोऱ्याने बांधलेलं होतं. "घरी जाऊन सोडा," त्या म्हणाल्या. दारापर्यंत गेल्या आणि वळल्या. "आन् साहेब, रस्त्यात कुठं थांबू नका."

चारोटीला चहाची सडकून तल्लफ आली. मी पुडकं मांडीवर घट्ट धरलं आणि गाडी पुढे घ्यायला सांगितलं. घरी बायको कात्री घेऊन आली तेव्हा मी तिला थांबवलं आणि आधी गाठीवरून अंगठा फिरवला.