हरणाऱ्यानं बांधायचा फेटा

नानांना कुणीही येऊन सांगावं की अमका जिंकला, तर नाना हातातलं काम न थांबवता एवढंच विचारायचे, "हरलं कोण?" क्रिकेटचा सामना असो, वॉर्डातली निवडणूक असो, नाहीतर शेजारच्या मुलीचा वक्तृत्वस्पर्धेतला पहिला नंबर, नानांचा प्रश्न तोच. आमच्या रेल्वेच्या खात्यातली परीक्षा झाली तेव्हा माझ्या शेजारच्या टेबलावरचे पांडेजी पहिले आले. ही बातमी मी मोठ्या उत्साहानं नानांकडे घेऊन गेलो. नानांनी विचारलं, "हरलं कोण?" मी पेढ्याचा पुडा खाली ठेवला आणि म्हणालो, "मी." "मग बसा," नाना म्हणाले, "तुमच्याकडून ऐकू. पांडेजी काय, आता काहीही सांगतील."

त्यामागे त्यांचा हिशेब होता. जिंकणाऱ्याला स्वतःला काही ठाऊक नसतं, असं त्यांचं मत. "तो म्हणतो, असा उचलला, तसा आपटला. सगळी गोष्ट. पाय नेमका कुठं सुटला, ते हरलेल्याला मालूम असतं. रात्रभर त्याच्या डोक्यात तेच फिरत असतं ना."

नानांचं घराणं काशीत किती पिढ्यांपूर्वी आलं ते त्यांनाही सांगता येत नसे. राजा घाटामागच्या गल्लीत घर, पाठशाळेत संस्कृत शिकवून निवृत्त झालेले, आणि घराला लागूनच तांबड्या मातीचा आखाडा. सकाळी शब्दरूपं, संध्याकाळी धोबीपछाड, आणि दोन्हीकडे एकच छडी. त्यांचं मराठी ऐकून मी पहिल्यांदा हसलो, तेव्हा ते म्हणाले, "तुमचं मराठी इस्त्री केलेलं असतं, सातारकर. आमचं घाटावर वाळत घातलेलं आहे. पण अंगाला तेच बरं."

मी साताऱ्याचा, बदलीवर आलेला. सातारा म्हटल्यावर सगळ्या आखाड्यानं मला पैलवान धरून टाकलं. माझ्याकडे एकवार नीट पाहिलं असतं तरी गैरसमज दूर झाला असता. आखाड्यात जोडे घालून जात नाहीत हे मला माहीत होतं, म्हणून पहिल्या दिवशी मी मोजे घालून गेलो. मातीत तेल आणि हळद असते. ते मोजे पुढं वर्षभर आमच्या मोलकरणीनं चेष्टेचा विषय केले. त्याच दिवशी कुणीतरी माझ्या हातात एक जुनं लांब कापड दिलं आणि म्हणालं, "भाई साहब महाराष्ट्र के हैं, फेटा बांध के दिखाएँगे." मी स्वतःच्या लग्नात शिवलेला, तयार फेटा घातला होता. तरी अब्रूचा प्रश्न होता. समोरच्या पोराच्या डोक्याला मी जे काही गुंडाळलं ते पाहून नाना म्हणाले, "ह्याला लागलंय कुठं?"

ते जुनं कापड म्हणजेच घाटाचा फेटा. आसपासच्या आखाड्यांतल्या पैलवानांत सगळ्यांत मोठा मान. रंग एकेकाळी लाल असावा, आता जुन्या विटेसारखा. नागपंचमीला कुस्ती व्हायची, आणि ज्याच्याकडे फेटा असेल त्याला जो चीत करील, त्याचा तो. पण रीत अशी, की फेटा पंचांनी बांधायचा नाही, पाहुण्यांनी नाही, गुरूनंही नाही. हरलेल्यानं बांधायचा. जिंकणारा मातीत मांडी घालून बसतो, मान खाली घालतो, आणि हरणारा पाठीला माती तशीच ठेवून त्याच्या मागं उभा राहून वेढे देतो. शेवटचा पेच खोचला की फेटा गेला. तोवर तो हरणाऱ्याचाच. आणि वर्षभर तो जिंकणाऱ्याच्या घरी राहतो.

त्या फेट्याचा सगळा इतिहास नानांना तोंडपाठ होता आणि कुस्तीआधी ते तो उभ्यानं म्हणत. पाठशाळेतल्या मास्तरचा आवाज, त्यामुळे ऐकणाऱ्याला वाटावं की हे गोत्रच चाललंय. "गणूभट हरले, बिंदा अहिराला बांधला. बिंदा हरला, छोटे खाँला बांधला." असं करत करत ते स्वतःपर्यंत येत आणि त्याच सुरात म्हणत, "नारायण हरला, रामधनीला बांधला." नारायण म्हणजे नानाच. मी अनेकदा कान देऊन ऐकलं, तिथं आवाज कधी खाली गेला नाही. कोण किती वर्षं अजिंक्य राहिला, हे त्या पाठात कुठंच नव्हतं.

रामधनी हा दूधवाला. त्याच्याशी हरल्याची गोष्ट नाना हौसेनं सांगत. "इतकी घाई केली, की पहिला वेढाच सुटला. तर खाली बसलेला रामधनी हळूच म्हणतो, 'आराम से, पंडित. हम कहीं जा थोड़े रहे हैं.' मग बांधला. घरी गेलो आणि जेवलो. न बांधता गेलो असतो, तर जेवण गेलं नसतं." पुढं रामधनीचं दूध नानांच्या घरी तो जाईपर्यंत येत राहिलं. पाणी घालतो म्हणून दोघं रोज भांडत.

माझ्या काळात फेटा लल्लनकडे होता. लल्लन नानांचा शेवटचा चांगला चेला. अंगानं घाटाच्या बुरुजासारखा, आणि बोलणं असं की पलीकडच्या माणसाला ऐकू जाऊ नये. खेळाडूंच्या राखीव जागेवर नोकरी लागेल म्हणून तो बरीच वर्षं थांबला. नोकरी लागली नाही, उजवा गुडघा मात्र गेला. उठताना तो भिंतीला हात लावायचा. सगळा आखाडा त्या गुडघ्याबद्दल बोलत असे, एक नाना सोडून.

अशात लखनौहून एक आयोजक आले. पांढरे बूट, आणि ते बुटांसकट थेट मातीत. निदान मातीत पाय झाकून जाणारा मूर्ख मी एकटाच नाही, याचं मला बरं वाटलं. त्यांचा धंदा दिव्यांच्या झगमगाटातल्या, ठरवून केलेल्या कुस्त्यांचा. जिंकणाऱ्याच्या कमरेला बांधायचे चकचकीत पट्टे त्यांच्याकडे पुष्कळ होते, त्यांना इतिहास हवा होता. त्यांनी एक रंगीत पत्रक दाखवलं. त्यावर छापलं होतं, पेशव्यांच्या काळापासूनचा अपराजित मान. नानांनी चष्मा लावून वाचलं. "अपराजित? मग फेटा फिरला कसा? आणि पेशव्यांचं काय ते पेशव्यांना विचारा. मला गणूभटांच्या आधीचा कुणी हरलेला मालूम नाही."

आयोजक हसले आणि लल्लनकडे गेले. फेटा लल्लनच्या घरी होता.

लल्लन दुसऱ्या दिवशी आला. नाना फावड्यानं माती उलटत होते, मी काठावर बसून मदत करत असल्यासारखा दिसत होतो. तो म्हणाला, "नाना, घुटना गया. अगले साल कोई भी लौंडा पटक देगा, तब हमको कौन पूछेगा? ये लोग काम दे रहे हैं, शहर-शहर घूमना है. बस एक बार लेटना है."

"लेटना है," नाना म्हणाले.

"हाँ. और उनके पहलवान को फेटा बांधना है."

फावडं थोडा वेळ चालू राहिलं. मग नाना म्हणाले, "फेटा तेरे घर है. हम रोकने वाले कौन."

लल्लन गेल्यावर मी तावातावानं म्हणालो, "नाना, तुम्ही नाही म्हणायला हवं होतं." नानांनी माझ्याकडे पाहिलं. "नाही म्हणून त्याला देऊ काय, सातारकर? माती?"

तो कार्यक्रम शहराबाहेरच्या मैदानावर झाला. नाना येणार नाहीत असं मला वाटलं होतं, पण ते धोतर, कोट घालून तयार होते. मातीच्या जागी गादी, धूर, कानठळ्या बसवणारं संगीत. लल्लनचा प्रतिस्पर्धी उंचापुरा, केस सोनेरी रंगवलेले. आता मी काय सांगू, सगळं ठरलेलं आहे हे मला पक्कं ठाऊक होतं, आणि तरी लल्लननं त्याला डोक्यावर उचलला तेव्हा मी खुर्चीवर उभा राहून शिट्टी मारली. नानांनी कोटाचं टोक धरून मला खाली ओढलं. ठरल्या वेळी लल्लन आडवा झाला. आपोआप, एखादं माणूस दमून अंथरुणावर पडतं तसा.

मग फेटा. तो सोनेरी केसांचा खाली बसलाच नाही. त्याला कॅमेऱ्यात दिसायचं होतं. तो उभा राहिला, हात पसरून, आणि लल्लन त्याच्यामागं चवड्यांवर उभा राहून, दुखऱ्या गुडघ्यावर, त्याच्या डोक्यापर्यंत हात पोचवायला धडपडत होता. लोक हसले. त्यांना तोही खेळाचा भाग वाटला. माझ्या शेजारी नाना एकटक बघत होते. त्यांच्या उजव्या हाताची बोटं मांडीवर वेढे देत होती, लल्लनला जमत नव्हते ते.

परत येताना आम्ही एकाच रिक्षात होतो. लंका नावाचा चौक ओलांडल्यावर नाना म्हणाले, "सातारकर, हरलं कोण?"

मी रिक्षावाल्याला पुढचं वळण सांगितलं.

त्या मंडळींनी लल्लनला काही महिने फिरवलं आणि गुडघा सुजून तो उभाच राहीना, तेव्हा घरी पाठवलं. फेटा परत दिला नाही. तो म्हणे त्यांच्या कचेरीत काचेच्या कपाटात आहे. लल्लन ई-रिक्षा चालवू लागला. आखाड्याच्या गल्लीतून तो कधी जात नसे, सवारी असली तरी लांबच्या वाटेनं नेई.

नागपंचमीला मात्र तो आला आणि सगळ्यांच्या मागं उभा राहिला. फेटा नव्हता, तरी नाना पाठ म्हणायला उभे राहिले. गणूभटांपासून सुरू करून ते "लल्लनला बांधला" इथं आले आणि थांबले. इतके थांबले, की विसरले असं वाटून मी आगाऊपणानं पुढचं सांगायला तोंड उघडलं. त्यांनी हात वर केला.

"आगे?" नानांनी मागं बघत विचारलं.

लल्लन पुढं आला. "आगे कुछ नहीं, नाना. हम हारे नहीं थे. लेटे थे."

"तो फेटा किसके पास है?"

"कपड़ा तो वो लोग ले गए."

"कपड़ा नहीं पूछा."

लल्लननं खाली बघितलं. "तो फिर हमारे ही पास है."

"फिर हारना पड़ेगा," नाना म्हणाले. "ठीक से. हम भी हारे थे, मरे नहीं."

लल्लननं त्या दिवशी लंगोट बांधला नाही. तो वळला, आपली रिक्षा काढली आणि गेला. नानांनी नंतर मला विचारलं, "मी जास्त बोललो का?" हा प्रश्न नानांनी कुणाला विचारलेला मी कधी ऐकला नव्हता. मी म्हणालो, नाही. खरं म्हणजे मलाही ठाऊक नव्हतं. त्या रात्री म्हणे त्यांनी ताट बाजूला सारलं.

हिवाळ्यात नानांना अर्धांगाचा झटका आला. मुलगा पुण्याहून आला आणि त्यांना घेऊन गेला. जन्म काशीत काढलेला माणूस म्हातारपणी काशी सोडून निघाला, याची गल्लीत फार हळहळ झाली. स्टेशनवर लल्लन आला होता. त्यानं नानांना उचलून डब्यात बसवलं, भिंतीला हात न लावता, आणि खाली उतरला. जड झालेल्या जिभेनं नाना मला म्हणाले, "नागपंचमीला फोन करा. जिंकलं कोण, ते सांगू नका."

पुढच्या नागपंचमीला पाठ म्हणायचं काम माझ्यावर आलं, कारण बाकीचे सगळे लंगोटात होते. मी छोटे खाँच्या आधी रामधनीला घातलं, आखाड्यानं एका सुरात मला दुरुस्त केलं, मी पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. "लल्लनला बांधला" म्हणून थांबलो, तेव्हा लल्लन मातीत उतरलेला होता. समोर आमच्याच आखाड्यातला पिंटू, तरणा आणि घाबरलेला. लल्लननं त्याला सांगितलं, "घुटना मत छोड़ना. पकड़ना है तो पकड़." आणि मग तो लढला. मधे एकदा तर पिंटूच खाली आला होता, आणि मी, अर्थातच, शिट्टी मारली. शेवटी गुडघा वाकला, पिंटूनं लंगोटाची लांग धरली आणि लल्लनची पाठ मातीला लागली.

लल्लन उठला. पिंटूला खांदा दाबून खाली बसवलं. काठावरचा स्वतःचा गमछा, घाम पुसायचा पंचा, उचलून झटकला, त्याच्यामागं उभा राहिला आणि तोच फेटा म्हणून बांधू लागला. पेच खोचून झाल्यावरही त्याचे हात थोडा वेळ पिंटूच्या डोक्यावर राहिले.

मी फोन लावला. सून म्हणाली, बाबा हल्ली फारसं बोलत नाहीत, तरी कानाला लावते. नाना त्यानंतर दिवाळीही बघू शकले नाहीत, पण नाना म्हटलं की मला हा फोन आठवतो. पलीकडून श्वास ऐकू आला, मग सावकाश, एकेक अक्षर उचलून ठेवल्यासारखा तोच प्रश्न. "हरलं कोण?"

मी फोन लल्लनच्या हातात दिला.

"हम हारे, नाना," तो म्हणाला.

"पूरा?"

"पूरा."

"बांधा?"

"बांधा. बैठा के बांधा."

फोन तुटला असं समजून मी हात पुढं केला, तेवढ्यात नानांचा आवाज आला, आम्हा दोघांनाही ऐकू जाईल इतका स्पष्ट.

"अब घुटना डॉक्टर को दिखा ले, बेटा."