छत्रीचं लाल टोक

छत्रीसाहेबांची छत्री उघडलेली आमच्या वाडीत कुणी पाहिली नाही. ऊन असो, भुरभूर असो, ती आपली मिटलेलीच. दांड्यावर चाकूने सारख्या अंतरावर खाचा पाडलेल्या आणि टोक कायम लालभडक. भिंतीची उंची, खिडकीची रुंदी, बाकाची लांबी, सगळं ते त्या छत्रीनेच मोजायचे. टोक लाल का, याबद्दल वाडीत दोन मतं होती. काहींच्या मते साहेब पान खातात आणि पिंक छत्रीवर पडते. शाळेची झाडलोट करणाऱ्या शेवंताबाईंच्या मते साहेबांनी त्या टोकाने कुठल्याशा ठेकेदाराला भोसकलं होतं. मी शिकलेला माणूस असल्यामुळे माझं मत पानाच्या बाजूने होतं.

साहेब लोकल बोर्डाच्या खर्चाचे तपासनीस होते. बोर्डाने शाळेवर, विहिरीवर, सडकेवर खर्च केला असं कागदावर लिहिलं, की तो खर्च जागेवर दिसतो का हे बघायला ते यायचे. आकुर्डी-निगडीपासून पार चाकणपर्यंतच्या शाळा त्यांच्याकडे होत्या. तेव्हा तिकडे कारखाने नव्हते, जोंधळा होता. नाशिकच्या सडकेला एस.टी.तून उतरून ते दिघीवरून आमच्या वाडीपर्यंत चालत येत. खांद्याला पिशवी, पिशवीत स्वतःची भाकरी आणि स्वतःच्या पाण्याचा तांब्या. कुणी कागद पुढे केला तर तो न वाचता म्हणायचे, "हे मी पुण्यातच वाचलंय. वस्तू दाखवा."

तपासणीच्या गावात ते पाणीसुद्धा घेत नसत, मग चहाची बातच सोडा. शेवंताबाई दर खेपेला कपबशी घेऊन पुढे व्हायच्या. "सायेब, वाईच च्या घ्या की. दूध घरचंच हाय." साहेब हात जोडायचे. "बाई, तुमचा चहा घेतला तर तुमच्या शाळेची गळती मला दिसायची नाही." शेवंताबाईंना हे मुळीच पटत नसे. "माझ्या च्यात आसं काय घातलंय, की मानूस आंधळं व्हईल?" असं पुटपुटत त्या तो चहा मला देत, आणि मी तो दोन्ही डोळे उघडे ठेवून पीत असे.

आता थोडं माझ्याबद्दल. मी बावीस वर्षांचा, एकशिक्षकी शाळेचा एकटा शिक्षक. पण बोर्डाकडून मला एक रबरी शिक्का आला होता आणि त्यावर 'मुख्याध्यापक' असं लिहिलं होतं. माझ्या हाताखाली मी सोडून कुणी नव्हतं, तरी त्या शिक्क्याने माझी छाती दोन इंच फुगली. शिक्क्याला शोभेल अशी सही हवी म्हणून मी वहीभर सराव केला. शेवटच्या अक्षराखालून निघून पुन्हा पहिल्या अक्षरापाशी येणारा एक झोकदार फराटा मला साधला होता. मग सही करायला मी कारणं शोधू लागलो. टपालवाल्याच्या पावतीवर सही, पोरांच्या पाट्यांवर शिक्का. एकदा तर शेवंताबाईंच्या रॉकेलच्या चिठ्ठीवरही मी मुख्याध्यापक म्हणून शिक्का हाणला होता.

ही माझी हौस आबा ठेकेदाराने बरोबर हेरली. शाळेचं छप्पर फार गळत होतं. पावसाळ्यात तिसरीची पोरं डोक्यावर पाट्या धरून पाढे म्हणत. बोर्डाने सहाशे नवी कौलं मंजूर केली आणि काम आबाला दिलं. आबा बोर्डाच्या एका मेंबराचा मेव्हणा. चार दिवस त्याची माणसं छपरावर चढली-उतरली आणि पाचव्या दिवशी तो कागद घेऊन आला. "हेडमास्तर, तुमची सही झाल्याबिगर बोर्डात पान हालत न्हाई," असं म्हणाला. सबंध तालुक्यात मला हेडमास्तर म्हणणारा तो पहिला माणूस. 'सहाशे कौलं मिळाली, बसवली' या ओळीखाली मी माझा फराटा ओढला, वर शिक्का मारला आणि शाई वाळावी म्हणून फुंकरही घातली. वर मान करून बघायचं मात्र मला सुचलं नाही. आबाने तीनशेच बसवली होती. बाकी ठिकाणी जुनी फुटकीच सरकवून ठेवली होती.

ते मला कळलं तपासणीचं पत्र आल्यावर वर पाहिलं तेव्हा. तेव्हा माझी नोकरी हंगामी होती. तपासणी निर्वेध झाली तर मी कायम होणार होतो, आणि कायम झालो तर माझं लग्न होणार होतं. तळेगावच्या सासरेबुवांनी स्पष्टच सांगितलं होतं, "आधी कायमची ऑर्डर दाखवा, मग मुहूर्त बघू." मुलगी मला फार आवडली होती. मी धावत आबाकडे गेलो. तो हसला. "राव, त्यात काय एवढं? गुरव मास्तरांची तपासनी शनवारी हाय, तुमची सोमवारी. मदी आयतवार."

गुरव मास्तर चाकणच्या बाजूला पुढच्या वस्तीवर शिकवत. त्यांच्या छपरावर गेल्याच वर्षी नवी कौलं बसली होती. आमच्या भागात लग्नकार्याला शेजारच्या गावाहून भांडी आणायची रीत होती, आणि त्याच रीतीने तपासणीला वस्तूही फिरत. एकच नकाशा तीन शाळांत दिसे, एकच घंटा पाच शाळांत वाजे. पण छप्पर उसनं आणणारा त्या पंचक्रोशीतला पहिला हेडमास्तर मीच. गुरव मास्तर म्हणाले, "आमचं तपासून झालंय. न्या तुम्ही. पण मोजून परत आणा हं." रविवारी दोन बैलगाड्या भरून कौलं आली आणि आबाच्या माणसांनी ती चढवली. मी खाली उभा राहून, 'सावकाश, फुटतील!' असं ओरडत होतो. त्या सबंध कामात शाळेच्या मालमत्तेची काळजी मी घेतली ती एवढीच.

सोमवारी साहेब आले. पोरांना नमस्कार करायला मी शिकवून ठेवलं होतं, तो त्यांनी केला. शेवंताबाईंनी चहा पुढे केला, तो साहेबांनी नाकारला. मग त्यांनी पिशवीतून गेरूची ओली डबी काढली, छत्रीचं टोक त्यात बुडवलं आणि वर पाहिलं. छत्री तशीच हवेत थांबली. मीही वर पाहिलं. अर्ध्या छपराला, आतल्या बाजूने, प्रत्येक कौलावर एकेक लाल ठिपका होता. एकच कौल दोनदा मोजलं जाऊ नये म्हणून साहेब मोजलेल्या कौलाला खालून ठिपका लावत, आणि शनिवारी गुरव मास्तरांच्या शाळेत त्यांनी तेच केलं होतं.

"यांची आणि माझी परवाच भेट झाली," साहेब म्हणाले. आवाज चढला नव्हता. त्यांनी पिशवीतून आबाचा कागद काढला. "ही सही तुमची?"

"हो."

"सुरेख आहे. किती वेळ लागला?"

"सहीला?"

"नाही, कौलं मोजायला."

मी पुन्हा वर पाहिलं. पोरांनीही पाहिलं. तेवढ्यात तिसरीतला एक जण मोठ्या आवाजात म्हणाला, "गुर्जी, आपल्या छपराला गोवर आलाय!" सगळी शाळा हसली. साहेब हसले नाहीत. ते माझ्या खुर्चीवर न बसता पोरांच्या बाकावर बसले आणि मलाही शेजारी बसवलं. म्हणाले, "मास्तर, आज रात्री ही कौलं परत जातील. मग पावसात पाट्या कुणी धरायच्या डोक्यावर? तुम्ही की ह्यांनी?"

मग त्यांनी कोरा कागद पुढे ठेवला. खरं काय झालं ते लिहून द्यायचं की नाही, हे माझ्यावर सोडलं. "लिहिलंत तर तुम्हाला त्रास होईल," हेही त्यांनीच सांगितलं. माझ्या डोळ्यांपुढे तळेगाव उभं राहिलं. खरं सांगतो, मी शूर नाही. मी शेवंताबाईंकडे पाहिलं. त्या म्हणाल्या, "ल्हिवा की मास्तर. मीबी कवाधरनं बगतीया, पर मला कोन इचारतंय?" मी लिहिलं, 'कौलं मी मोजली नाहीत. न मोजता सही केली. आज दिसतात ती उसनी आहेत.' खालचा फराटा ओढायचा राहूनच गेला. सवयीने शिक्का उचलला, तर साहेबांनी माझा हात धरला. "राहू द्या. याला सही पुरे."

आबाला पावसाळ्याच्या आत उरलेली तीनशे कौलं पदरच्या खर्चाने बसवावी लागली. मेंबराने साहेबांना दूर बदलून टाकायचा खटाटोप केला, पण तो फसला. माझं कायम होणं एक वर्ष लांबलं. नोकरी वाचली ती साहेबांच्या अहवालातल्या एका ओळीमुळे, 'शिक्षकाने आपण होऊन लिहून दिले.' आपण होऊन! लग्नही एक वर्ष पुढे गेलं. सासरेबुवा मंडपात व्याह्यांना सांगत होते, "जावई मोजून घेतलाय." माझी बायको आजही भाजी घेऊन आलो की पिशवी उघडण्याआधी मला विचारते, "मोजलीत का?"

पुढे काही वर्षांनी साहेब निवृत्त झाले. त्यानंतर एका दुपारी ते पुन्हा वाडीत आले. पिशवी नव्हती, छत्री होती, आणि तिचं टोक पहिल्यांदाच स्वच्छ होतं. साहेब काही चहा घेणार नाहीत असं धरून शेवंताबाई घरात वळल्या तेव्हा साहेबांनीच हाक मारली. "बाई, आज मी कुणीही नाही. चहा द्या." ते एकापाठोपाठ दोन कप प्यायले, बशीत ओतून, डोळे मिटून. मग माझ्याकडे वळून जरा ओशाळत म्हणाले, "मला चहा फार लागतो हो, मास्तर. नोकरीत रोज चारच्या सुमाराला डोकं ठणकायचं. गावोगाव कप पुढे यायचे, वास यायचा..." बाकीचं त्यांनी हसण्यावारी नेलं. मला हसता आलं नाही. इतकी वर्षं त्यांनी परत पाठवलेला प्रत्येक कप त्यांच्यादेखत मीच प्यायलो होतो, आणि साखर कमी आहे असंही एकदा म्हणालो होतो. निघताना त्यांनी शाळेच्या कौलांकडे पाहिलं. ओठ हलत होते.

त्यानंतर वर्ष झालं नसेल, गुरव मास्तरांनी रस्त्यात सांगितलं की साहेब गेले. त्याच दुपारी बोर्डाकडून बारा नवी बाकं घेऊन गाडी आली. गाडीवान कागद पुढे करून म्हणाला, "करा सही मास्तर, बैलं उन्हात हायती." मी म्हटलं, थांब. एकेक बाक खाली घेतलं, हात लावून मोजलं. अकरा भरली. पुन्हा मोजली. अकराच. मी लिहिलं, 'अकरा मिळाली,' आणि खाली साधी सही केली. शेवंताबाई दोन कप घेऊन आल्या. एक गाडीवानाने घेतला. दुसरा मी परत पाठवला.

"का वो मास्तर? डोळं का भरलं?"

"काही नाही," मी म्हणालो. "चार वाजले. डोकं दुखतंय."