हॉलमधल्या पडद्यांवरची अक्षरं

मला अपमान विसरता येत नाही. लोक म्हणतात हा दुर्गुण आहे. असू दे.

भूकंपानंतर आम्ही किल्लारीकडून लातूरला आलो. पुढं गल्लोगल्ली क्लासेस निघाले तेव्हा मी एका क्लासच्या सरांसाठी सराव परीक्षेचं सॉफ्टवेअर लिहिलं. सर ते तपासायचे केबिनमधल्या आपल्या नव्याकोऱ्या विंडोज लॅपटॉपवर. पोरं मात्र हॉलमधल्या जुन्या संगणकांवर बसायची, त्यांत फुकटातलं लिनक्स. तिथं तीच मराठी अक्षरं धुरकट दिसायची, वेलांट्या शेजारच्या अक्षरावर जाऊन बसायच्या. "सर, एकदा हॉलमध्ये येऊन बघा, दुरुस्तीला थोडा वेळ द्या," असं मी कितीदा तरी म्हटलं.

"माझ्याकडं तर झ्याक दिसतंय," एवढंच उत्तर.

पालकसभेत तक्रार झाली तेव्हा सरांनी माईकवरून सगळं खापर माझ्यावर फोडलं. "ह्या बाईला कामच येत न्हाई. आजच काढून टाकतो." हे शहरभर झालं. लातुरात मला कुणी काम देईना. माझं नाव गेलं होतं, ते मला परत हवं होतं. आणि सरांचं उट्टंही काढायचं होतं.

शेवटी नांदेडच्या एका छोट्या क्लासनं मला काम दिलं. तिथला सगळ्यात खटारा संगणक मी मागून घेतला. ज्याच्या त्याच्या संगणकातल्या फॉन्टवर विसंबणं सोडलं आणि फॉन्ट प्रोग्रामच्या पोटातच घातला. अक्षरं जुळवून रेखायचं कामही प्रोग्रामकडंच घेतलं. मग लहान आकारातल्या अक्षरांची प्रत्येक दांडी पडद्याच्या ठिपक्यांवर नीट बसेपर्यंत झटत राहिले. प्रेमानं नाही, दातओठ खाऊन. शेवटी अक्षरं सगळीकडं सारखी आणि ठळक उमटली.

त्याचा बोलबाला झाला आणि लातूरच्या सरांचा फोन आला. "ताई, आमच्याकडंबी बसवा की."

"बसवते. आधी तुम्ही हॉलमध्ये, पोरा-पालकांसमोर, जुन्या संगणकावर, जुन्याच प्रोग्राममध्ये अख्खा पेपर सोडवायचा."

सर नाइलाजानं बसले. मी मागंच खुर्ची टाकली. त्यांनी चष्मा पुसला, पडद्याला नाक लावलं, शेवटी उठून ओरडले, "अरे, ह्याच्यात काईच वाचता येत न्हाई!"

पुढच्या रांगेतली एक मुलगी म्हणाली, "सर, आम्ही तर रोज हेच वाचतो."

कुणी हसलं नाही. दारातले पालक सरांकडं बघत राहिले.

"बसा सर," मी म्हणाले, "वेळ अजून संपलेला नाही."