मावशीचं माप

मुद्दाम हळू काम करणं ही साधी गोष्ट नाही. आम्ही कार्यशाळेतले सगळे जन्मापासून किंवा अपघातापासून हळू. त्यात आमचं काही कौतुक नाही. पण ज्याचे हात मुळातच वाऱ्यासारखे चालतात, त्यानं वर्षातून एकदा, साहेबांच्या डोळ्यांदेखत, तासभर हळू चालवायचे आणि चेहऱ्यावर काही दिसू द्यायचं नाही, याला अंगात काहीतरी लागतं. ते आमच्या मावशीच्या अंगात होतं.

मावशी कार्यशाळेत चहा करायची, झाडायची, कपबशा धुवायची. कन्हानहून बसनं यायची. नवरा कोळशाच्या खाणीत होता, तो गेल्यापासून एकटीच. आमची कार्यशाळा म्हणजे पत्र्याचा एक लांबट हॉल आणि त्यात मिठाईचे खोके घडवणारे आम्ही. कुणाला दिसत नाही, कुणाला ऐकू येत नाही, कुणाची समज लहान मुलाएवढी. माझा उजवा हात लहानपणापासून नुसता लटकलेला. सरकारनं आम्हाला अपंगाचं दिव्यांग केलं, तेव्हा पेढे वाटले होते. पगार होता तोच राहिला.

पगाराचा हिशेब असा होता. धडधाकट माणूस तासाला जितके खोके घडवेल, तितके घडवणाऱ्याला पूर्ण मजुरी. निम्मे घडवले तर निम्मी. आता हा धडधाकट माणूस आणायचा कुठून? हॉलमध्ये दोन्ही हात, दोन्ही डोळे आणि पूर्ण समज असलेली एकच बाई होती, ती चहा करायची. म्हणून दरवर्षी दसऱ्याच्या आधी मावशीला टेबलाशी बसवायचे. त्या तासात तिच्या हातून जितके खोके होतील ते वर्षभराचं माप. आमच्या सगळ्यांच्या चुली त्या मापावर.

त्या दिवशी मावशी आधी हात धुवायची आणि एकेक बोट निगुतीनं पुसायची. एरवी कधी न लावलेला चष्मा लावायची. खोका घडला की उजेडाकडे धरून चहूबाजूंनी न्याहाळायची, मग पदर सावरायची, मग पाणी मागायची. एका वर्षी तिला उचकी लागली होती, ती तास संपेपर्यंत थांबली नाही. तेव्हा कार्यशाळा बघणारे मोठे सर खिडकीबाहेर नजर लावून म्हणायचे, चहा फक्कड झाला होता हं आज. त्यांना सगळं कळत होतं असं मला आजही वाटतं. हॉलमध्ये कुणी चकार शब्द काढायचं नाही, आणि आमच्यातल्या ज्यांना बोलता येत नव्हतं तेसुद्धा त्या दिवशी जास्तच गप्प असायचे.

मी एकदा तिला विचारलं, मावशी, भीती नाही वाटत? ती परातीतली मेथी निवडत होती, आणि बोलता बोलता जुडी संपलीसुद्धा होती.

"माहे हात माहे हायेत वं," ती म्हणाली. "कधी किती चालवाचे, ते मी पाहीन."

मला काम शिकवलं तेही तिनंच. प्रशिक्षण द्यायला एक बाई यायच्या, तक्ते दाखवायच्या, फोटो काढायच्या आणि जायच्या. तक्त्यातल्या माणसाला दोन हात होते. मावशीनं ते पाहिलं आणि दुपारी पदरानं स्वतःचा उजवा हात पाठीशी बांधून घेतला. "आधी मले जमू दे, मंग तुले सांगतो," म्हणाली. कितीतरी दुपारी ती तशी एका हातानं खोक्याशी झटत बसली. पुठ्ठा कोपरानं दाबायचा, कोपरा हनुवटीनं आत लोटायचा, ही युक्ती तिची. मी आज जे काही चार पैसे कमावते ते तिच्या हनुवटीच्या अकलेवर.

माझ्या शेजारी मधू बसायचा. वयानं चाळिशीकडे झुकलेला, मनानं सहा-सात वर्षांचा. तो प्रत्येक खोका घडवून झाला की त्याच्या आत डोकावायचा, तळावरून हात फिरवायचा आणि म्हणायचा, "झाला." मगच पुढचा घ्यायचा. त्याला घाई कर म्हणून सांगून सगळे थकले. मावशी मात्र म्हणायची, त्याचा एक तरी खोका कधी वापस आला का? आणि खरंच आला नव्हता. महिन्याचा पगार हातात पडला की मधू तो आधी मावशीला दाखवायचा आणि मग घरी आईला न्यायचा.

मग मोठे सर निवृत्त झाले आणि नवे साहेब आले. माणूस वाईट नव्हता, हे मी मुद्दाम सांगते, कारण वाईट असता तर त्याला शिव्या घालून मोकळं होता आलं असतं. कारखान्यात नोकरी केलेला, वक्तशीर, आमच्याशी आदरानं बोलणारा. कार्यशाळा टिकावी म्हणून त्यानं जिवाचं रान केलं. त्या दिवाळीला छापलेले पुठ्ठेच उशिरा आले. मिठाईवाल्यानं निरोप धाडला की संध्याकाळपर्यंत खोके पोचले नाहीत तर पुढच्या वर्षीपासून काम बंद. साहेब त्याच्या हातापाया पडायला सदरला, त्याच्या दुकानी गेले. इकडे आमचं जेवण होऊनही अर्धा ढीग तसाच पडला होता.

मावशीनं एकदा ढिगाकडे पाहिलं, एकदा आमच्याकडे. मग पदर खोचला आणि टेबलाशी येऊन बसली. चष्मा नाही, पाणी नाही, काही नाही.

ती दुपार मी विसरणार नाही. मावशीचे हात दिसतच नव्हते, नुसते खोके उभे राहताना दिसत होते. मधू तिच्या प्रत्येक खोक्याला "झाला" म्हणायला लागला, मग त्याला तिचा वेग गाठता येईना आणि तो टाळ्या पिटत खदाखदा हसत सुटला. आम्हीही हसत होतो. ढीग संपला तेव्हा मावशीचा चेहरा घामानं निथळत होता, आणि तिनं मान वर केली तर साहेब दारात उभे. कधीचे उभे होते कोण जाणे. त्यांच्या हातात मोबाईल होता. त्यांनी मावशीला अक्षरशः वाकून नमस्कार केला. टेम्पो गेला, काम वाचलं, आम्हाला पेढे मिळाले.

त्या वर्षीचं माप पुठ्ठ्यांअभावी लांबलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी साहेबांनी मावशीला टेबलाशी बोलावलं. तिनं हात धुतले, एकेक बोट पुसलं आणि पिशवीतून चष्मा काढला.

"मावशी, चष्मा राहू द्या," साहेब हसून म्हणाले. "मी काल पाहिलंय, मोबाईलवर वेळ लावून मोजलंयसुद्धा."

मावशी उभीच राहिली. मग म्हणाली, "साहेब, तो एका दिवसाचा हात होता. रोजचा नाही."

"पण होता तर तुमचाच ना?"

मावशीनं चष्मा परत पिशवीत ठेवला. साहेबांनी समजावून सांगितलं की आकडा खरा असला की देणगीदारांना संस्थेचा भरवसा वाटतो, आणि खऱ्या मापाशी तुलना केली तरच आमची प्रगती कळेल. त्यांनी आदल्या दुपारचं माप पाटीवर रंगवून घेतलं आणि पाटी भिंतीवर ठोकली. महिनाअखेरीला सगळ्यांचे पगार कोसळले. मधूचा इतका उतरला की त्यात त्याच्या ऑटोचं भाडंही सुटेना. त्याची आई येऊन हात जोडून गेली आणि मधू घरी बसला. त्याची खुर्ची काही दिवस तशीच होती, नंतर तिच्यावर पुठ्ठे ठेवायला लागले.

मावशी साहेबांना तीनदा भेटली. रडली नाही, भांडली नाही, माप खाली आणा एवढंच मागत राहिली. मग एक दिवस तिनं किटली घासून उपडी घातली आणि आम्हाला म्हणाली, "मी हाये तवरी हे माप हाये. मी गेली का उतरन." आम्ही तिला समजावलं की असं नसतं मावशी, पण तिला ते पटलं नाही. तिच्या लेखी ते माप तिच्या हातात होतं, आणि हात ती घरी घेऊन चालली होती. चहाला दुसरी बाई मिळाली. पाटी तिथंच राहिली.

पुढच्या उन्हाळ्यात ती आजारी असल्याचं कळलं म्हणून मी कन्हानला गेले. मूत्रपिंडं निकामी झाली होती. भिंतीवर बुद्धाची तसबीर, खाली खाटेवर मावशी. हात सुजलेले आणि गोधडीवर नुसते ठेवलेले. ते हात कधी रिकामे पाहिले नव्हते, मला बघवेना. तिनं पाणी मागण्याआधी विचारलं, "माप उतरलं का वं?"

मी म्हटलं, उतरलं.

"अन् मधू? येते का तो?"

"येतो."

"अजून डोकावते खोक्यात?"

"डोकावतो," मी म्हटलं. मधू तेव्हा घराच्या पायरीवर दिवसभर बसून असायचा, आणि मला पाहिलं की विचारायचा, ऑटो आला का?

मावशीनं डोळे मिटले. "मंग मी गेली ते बरंच झालं," ती म्हणाली. तिच्या चेहऱ्यावर इतकं समाधान होतं की मला खोटं बोलल्याचं काहीच वाटलं नाही. पावसाळा लागायच्या आत ती गेली.

परवा एक नवी मुलगी कामाला लागली. पाटी वाचून तिनं घाबरून विचारलं, एवढे कोण करतं? साहेब म्हणाले, कुणीही धडधाकट माणूस. मी हनुवटीनं कोपरा आत लोटत होते, म्हणून बोलले नाही. पगाराच्या कागदावर माझ्या नावापुढे टक्के लिहून येतात. मी मावशीच्या किती टक्के आहे, ते मला दर महिन्याला लेखी मिळतं.