मावशीची पाखाडी
आधी मावशीचं सांगतो, मग बाकीचं. रत्नागिरीजवळच्या आमच्या चिरेखाणीवर दुपारचे डबे पोचवते ती मावशी. वरच्या बौद्धवाडीत एकटी राहते, मुलगा मुंबईला, गुडघे कायमचे धरलेले. आज मी जिवंत आहे तो तिच्यामुळे.

मी परभणीकडचा. सातवीत शाळा सुटली आणि गाववाल्यांबरोबर इकडं जांभ्या दगडाचे चिरे भरायला आलो. खाणीतून ट्रकपर्यंत आमची साखळी उभी राहते, चिरा हातोहात वर जातो. एकानं कंबर धरली की सगळे थांबतात, म्हणून कुणी दुखतंय म्हणत नाही. माझ्या शेजारचा जोडीदार दुखण्याच्या कॅप्सूल खायचा. त्यानंच मला पहिली दिली. कंबर दुखायची तर थांबलीच, वर घराची आठवणही येईना. मग एकाच्या दोन झाल्या, दोनाच्या चार. एक दिवस नाही घेतली की नाक गळायचं, अंग मोडून यायचं, पोट बिघडायचं.

एका दुपारी जोडीदार जेवून काजूच्या झाडाखाली आडवा झाला आणि घोरायला लागला.

"ट्रक चालू झाला रे!" कुणीतरी म्हणालं. आम्ही हसलो. त्याच्या डोक्याशी पोत्याचा आडोसा मीच केला, ऊन लागू नये म्हणून. चहाला उठवायला गेलो तर ओठ निळे पडलेले. नंतर डॉक्टर म्हणाले, ते घोरणं झोपेचं नव्हतं, त्या कॅप्सूलनी श्वास अडकत होता. तेव्हाच आणला असतात तर वाचला असता.

तिसऱ्या दिवशी डबा देताना मावशीनं माझा हात धरला.

"ए परभणी, तू पण खातोस ना ते?"

"नाही मावशी."

"मेल्या, डाळ सांडतेय बघ तुझी."

मी तिथंच रडलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती मला सरकारी दवाखान्यात घेऊन गेली. तिथं रोज नर्सबाईंसमोर त्या कॅप्सूलची सवय सोडवणारी एक गोळी जिभेखाली ठेवायची. ती विरघळेपर्यंत गिळायचं नाही, बोलायचं नाही. मी पळालो असतो, खरं सांगतो. पण मावशी रोज तुटक्या पाखाडीच्या दगडी वाटेवरून, कडेच्या गडग्याच्या भिंतीला धरत, एकेक पायरी उतरून यायची आणि बाकावर शेजारी बसायची.

"आता बोल! नाही ना येत बोलता? मग ऐक." मग बांगड्याचा भाव, सुनेचे नखरे, मुलाचा न आलेला फोन. एकदा मला हसू फुटलं आणि गोळी बाहेर येता येता राहिली.

"आजी, हसवू नका त्याला," नर्सबाई ओरडल्या.

"आजी कुणाला म्हणतेस गं?"

आता गोळी कमी होत चाललीय. घाई करू नको, मनानं बंद करू नको, असं डॉक्टर सांगतात. भीती आहेच. खोलीत कुणी घोरलं की मी उठून त्याला हलवतो. शिव्या खातो, पण तो जागा होईपर्यंत सोडत नाही.

मावशीच्या पाखाडीचे चिरे निखळलेत. परवा तिचा पाय सटकला, डबे गडगडत खाली आले, आणि ती म्हणते, काही झालं नाही. चांगला चिरा कुठला, ते मला हात लावला की कळतं. तिला अजून बोललो नाही, पण एक दिवस तिच्या दारापासून रस्त्यापर्यंत सगळी पाखाडी मी माझ्या हातानं नवीन बांधणार आहे. पायऱ्या बुटक्या ठेवीन, तिच्या गुडघ्यांना झेपतील अशा.