ग्रीसखालचा झेंडू

निवळीच्या चढावरचा तो अपघात मला विसरता आलेला नाही. बंदरावरून कंटेनर घेऊन निघालेल्या गाडीचा ट्रेलर चढावर सुटला आणि मागे घसरत एसटीच्या थांब्यात घुसला. मिरकरवाड्याहून मासळी घेऊन गावोगाव विकणारी एक बाई तिथे उभी होती. ती जागीच गेली.

तपासासाठी मी ठाण्यातून पोहोचलो तेव्हा जमावाने चालकाला झाडाशी बसवून ठेवले होते. "ह्याला सोडलात तर आमी रस्त्यातना उठणार नाय," असे लोक ओरडत होते. गाडीच्या मालकाने तासाभरात टाइप केलेला कागद आणून दिला: आठ दिवसांपूर्वी ट्रेलरची जोडणी पूर्ण साफ करून नवीन ग्रीस लावले आहे, चालकाने लॉक नीट लावला नसावा. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच. छापील कागदावर माझा जरा जास्तच विश्वास. जमावाचा दबावही होता. मी निष्काळजीपणाऐवजी सदोष मनुष्यवधाचे कलम लावले, म्हणजे जामीन सहज मिळणार नव्हता.

ट्रेलर ओढणाऱ्या पुढच्या गाडीला चालक 'घोडा' म्हणतात. घोड्याच्या पाठीवर जाड लोखंडी प्लेट असते, ती फिफ्थ व्हील. ट्रेलरखालची पिन तिच्या खाचेत शिरते आणि लोखंडी जबडा ती धरून ठेवतो. जबडा पूर्ण मिटला तरच बाजूचे हँडल पूर्ण आत जाते. सगळा भार त्या एका पिनेवर. हे मला तेव्हा माहीत नव्हते.

चालक संगमेश्वराकडच्या गावचा, चाळिशीचा. त्याचा जबाब मीच लिहिला. "झटका मारून बघितलं मी साहेबानू, धरलेलं होतं," एवढेच तो पुन्हा पुन्हा सांगत होता, असे मला वाटत होते.

ठाण्याच्या आवारात जागा नव्हती म्हणून पंचनामा उरकून घोडा मी मालकाच्याच यार्डात ठेवू दिला. ही माझी दुसरी चूक.

पाचव्या दिवशी क्रेनवाल्याचा फोन आला. ट्रेलर त्यानेच उचलला होता.

"साहेब, अपघात झालेल्या गाडीला कोण ग्रीस लावतो काय हो?"

"म्हणजे?"

"त्या दिवशी प्लेट कोरडी, काळी ठिक्कर होती. आज यार्डात गेलो तर लोण्यासारखी चकाकते. माझं नाव घालू नका पण."

दुसऱ्या दिवशी दोन पंच आणि मोटार वाहन निरीक्षक घेऊन मी यार्डात गेलो. यार्डातल्या फिटरला बोलावले.

"जुनं ग्रीस कशानं काढलंस?"

"रॉकेलनं. ब्रश मारला, मग फडका, मग परत रॉकेल. अगदी लोखंड दिसेपर्यंत, साहेब. दोन फडके लागले. एक निळा होता."

खोटे बोलणारा माणूस न विचारलेले सांगतो. निळ्या फडक्याबद्दल कोणी विचारले नव्हते.

निरीक्षकांनी पत्र्याच्या पट्टीने खाच खरवडायला घेतली. वर मऊ, नवे ग्रीस. त्याखाली जांभ्याची लाल धूळ मिसळून दगड झालेला थर. त्या थरात झेंडूच्या पाकळ्या रुतलेल्या होत्या, सुकून तपकिरी झालेल्या. खंडेनवमीला चालक गाडीची पूजा करतात, प्लेटवर फुले वाहतात. त्या पूजेला दोन महिने होऊन गेले होते.

"अपघाताच्या आठ दिवस आधी लोखंड दिसलं होतं ना तुला?" मी विचारले.

फिटर खाली बसला. "साफ करायला घोडा सोडून काढायला लागतो. अर्धा दिवस गाडी उभी. मालक बोलतात, वरून मार, चालतंय. ह्या वेळी पण त्यांनीच सांगितलंनी, पोलीस परत बघायला यायच्या आत मार."

निरीक्षकांनी दाखवले, त्या दगडी थरामुळे जबडा पूर्ण मिटतच नव्हता. सपाटीवर झटका दिला तर पिन धरल्यासारखी वाटे, चढावर ताण आला की निसटे. मालकावर पुरावा नष्ट केल्याचेही कलम लागले.

चालकावरचे कलम काढण्याचा अहवाल कोर्टात देऊन त्याला सोडवेपर्यंत आणखी पाच दिवस गेले. पट्टा, पाकीट, मोबाइल परत घेऊन त्याने सही केली. मी कसाबसा म्हणालो, "चूक झाली आमच्याकडून."

तो म्हणाला, "हँडल आत जात नाय, हे मी पहिल्याच दिवशी सांगितलेलं. तुमी लिवून घेतलंत साहेबानू. वाचलंत नाय."

तो गेल्यावर मी जबाब काढला. तिसऱ्या ओळीत माझ्याच अक्षरात होते: 'हँडल पूर्ण आत जात नसल्याचे फिटरला तीन वेळा सांगितले.'

त्याच्या अटकेची बातमी नावासकट छापून आली होती. सुटकेची आली नाही. पुढे कोणत्याही मालकाने त्याला गाडी दिली नाही, असे ऐकले. त्यानंतरच्या नोकरीत घेतलेला प्रत्येक जबाब मी सही घेण्याआधी मोठ्याने वाचला. नियम तर पहिल्यापासून तोच होता.