सरांच्या आयडीवरून

मी डूख धरणारी बाई आहे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना कुणी मला बिचारी समजू नये. माझी माय तर मी लहान असल्यापासून म्हणती, "या पोरीशी भांडू नका रे, ही इसरत न्हाई."

नांदेडच्या एका कॉलेजात मी मराठी शिकवत होते, तासिकेवर. तासिकेवर म्हणजे जेवढे तास घ्याल तेवढ्यापुरत्या तुम्ही मॅडम. उन्हाळ्यात तुम्ही कुणीच नसता आणि जूनमध्ये पुन्हा अर्ज घेऊन विभागप्रमुखांच्या दारात उभं राहायचं. माझं गाव किनवटच्या पलीकडं. पाचवीपासून वसतिगृहात राहून शिकले. नेट पास झाले तेव्हा जयंतीला विहारात माझा सत्कार झाला आणि माय पहिल्या रांगेत बसून रडली. सगळ्यांना वाटलं, आता पोरगी परमनंट लागणार. मलाही तसंच वाटलं होतं.

आमचे विभागप्रमुख, म्हणजे सर, बोलायला लई गोड. "काय करून राहिल्या मॅडम? चहा झाला का?" असं रोज विचारायचे. कॉलेजनं ऑनलाइन शिकवण्याचं पोर्टल घेतलं तेव्हा तर त्यांचा गोडवा आणखी वाढला. पोर्टलवर प्रत्येक विषयाचं एक पान, पानावर युनिट, युनिटखाली नोट्सच्या फाईली. शिक्षकानं आपापल्या आयडीनं आत जायचं आणि फाईल चढवायची. पण तासिकेवाल्यांना आयडी द्यायचा नाही, असं ठरलं. ठरवणारे आमचे सरच. मी शेजारी उभी असताना ते प्राचार्यांना म्हणाले, "हे लोक आज हायेत, उद्या न्हाईत. यांना कशाला आयडी?"

आणि बाहेर आल्यावर मला म्हणाले, "मॅडम, तुम्ही माझ्याच आयडीवरून टाकत जा." चिठ्ठीवर पासवर्ड लिहून दिला. त्यांच्या पोराचं नाव आणि पुढं एक दोन तीन.

दोन वर्षं मी ते काम केलं. तास संपले की स्टाफरूमच्या कोपऱ्यातल्या कॉम्प्युटरवर बसायचं. नोट्स मीच लिहायच्या, मीच टाइप करायच्या. विभागातली जुनी टिपणं जुन्या फॉन्टात होती, पोरांच्या मोबाईलवर त्यांचा नुसता चिवडा दिसायचा. ती सगळी मी ओळ न् ओळ युनिकोडमध्ये आणली. उमरीकडून येणाऱ्या पोरींच्या फोनवर मोठी फाईल उघडत नव्हती, म्हणून एका युनिटचे तीन तुकडे केले. उलटी स्कॅन झालेली पानं सुलटी केली. 'युनिट दोन फायनल', 'युनिट दोन फायनल नवीन', 'युनिट दोन एकदम फायनल' असल्या फाईलींमधून खरी कुठली ते शोधून बाकीच्या लपवल्या. सरांनी यातलं काहीच केलं नाही. पहिल्या पानावर आपला फोटो मात्र त्यांनी स्वतः लावला.

प्रत्येक फाईलखाली पोर्टल आपोआप लिहायचं, कुणी चढवली ते. तिथं सरांचं नाव. आयडीच त्यांचा, त्याला इलाज नव्हता. म्हणून मी शेवटच्या पानावर बारीक अक्षरात 'लेखन' म्हणून माझं नाव टाकलं. आठवड्यानं पाहते तर नाव गायब. विचारलं तर सर म्हणाले, "फॉरमॅटमध्ये बसत न्हाई मॅडम. अन् नावाचं काय एवढं घेऊन बसल्या? तुम्हाला काय, तुमच्या कोट्यातून जागा मिळूनच जाईल."

मी हसले. तोंडावर काही न बोलता हसले, याचा मला आजही राग येतो.

मग लातूरच्या एका कॉलेजात मराठीची एक जागा निघाली. कायमची, पूर्ण पगाराची. मी दोन वर्षांच्या नोट्सच्या प्रिंट काढल्या, स्पायरल करून घेतलं, मायला फोन करून सांगितलं आणि मुलाखतीला गेले. समोर पाच जण. त्यातले विषयतज्ज्ञ म्हणजे खादीचं जाकीट घातलेले एक सर. त्यांनी स्पायरल चाळलं, मग खिशातून मोबाईल काढला, आमच्या कॉलेजचं पोर्टल उघडून बराच वेळ बोट फिरवलं आणि म्हणाले, "मॅडम, या तर दुसऱ्याच्या नोट्स आहेत. शब्दन् शब्द." फोन माझ्यापुढं धरला. माझी फाईल, वर सरांचा फोटो.

"सर, या मीच लिहिल्यात," मी म्हणाले.

"मग तुमच्या आयडीवरून का नाहीत?"

"मला आयडी नाही सर."

पाचही जण एकमेकांकडं बघायला लागले. जाकीटवाले सर शांतपणे म्हणाले, "मराठीच्या शिक्षकानं निदान चोरी तरी करू नये," आणि स्पायरल टेबलाच्या कडेला सरकवलं. मला बाहेर पडताना दार ढकलायचं की ओढायचं तेही कळेना. चोर! आणि कोण, तर मी!

परतीच्या एसटीत मी मोबाईलवर तीच फाईल उघडून बसले. अहमदपूरला बस थांबली, लोक उतरले, चढले, माझं लक्ष नव्हतं. प्रस्तावना वाचत होते. मीच लिहिलेली. 'विद्यार्थिदशेत हा भाग मला अवघड गेला होता, म्हणून मी तो सोपा करून सांगते.' सांगते! वर सरांचा भरघोस मिशांचा फोटो आणि खाली 'मी सांगते'. आणखी पुढं 'मी म्हणते', 'मी मागे सांगितल्याप्रमाणे आता पुढे जाते'. माय गं! दोन वर्षं तो बाप्या माझ्या स्त्रीलिंगी क्रियापदांत बसला होता आणि त्याला पत्ता नव्हता. मी एकटीच मोठ्यानं हसले. शेजारची म्हातारी थोडी सरकून बसली. आणि मग मला रडूच फुटलं, कारण हे दोन तास आधी त्या खोलीत दिसलं असतं तर मी बोट ठेवून दाखवलं असतं.

पण एक गोष्ट पक्की कळली. या माणसानं माझी एक ओळसुद्धा वाचलेली नाही. तो फक्त पहिलं पान बदलतो आणि शेवटचं बघतो. मधली पानं माझी आहेत, तिथं मी काहीही लिहू शकते. बस लोह्याला पोचेपर्यंत मला काय करायचं ते ठरलं होतं. सरांची जिरवायची, आणि अशी जिरवायची की जन्मभर लक्षात राहील.

पुढच्या सेमिस्टरला व्याकरण होतं. युनिट तीन, प्रयोग. वाक्यातलं क्रियापद कुणाच्या मागं चालतं त्याचा हा धडा. कर्त्याच्या मागं चाललं तर कर्तरी, कर्माच्या मागं चाललं तर कर्मणी, आणि कुणालाच जुमानलं नाही तर भावे. पुस्तकात याला रामानं आंबा खाल्ल्याची उदाहरणं असतात. मी नवीन लिहिली, अकराव्या पानावर, ठळक अक्षरात.

कर्तरी: विभागप्रमुख वही चोरतो.

कर्मणी: विभागप्रमुखाने वही चोरली.

भावे: बाईने चोराला ओळखले.

व्याकरणात चोख. खुशाल तपासून घ्या. आणि या वेळी मी 'सांगते' किंवा 'म्हणते' एकही ठेवलं नाही. सगळीकडं 'आपण पाहू', 'असे दिसते'. माझा मागमूस राहू दिला नाही.

फाईल चढवण्याआधी मी सरांना तीनदा विचारलं. माझ्या पदरात पाप नको, म्हणून मोजून तीनदा. आधी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवून लिहिलं, 'एकदा नजर टाकावी.' अंगठा आला. मग स्टाफरूममध्ये विचारलं. "बघितलं मॅडम, एक नंबर झालंय." तिसऱ्यांदा मी त्यांना दारात गाठून म्हणाले, "सर, अकराव्या पानावरची उदाहरणं तेवढी..." त्यांनी मला बोलूच दिलं नाही. "अवो, माझा पूर्ण विश्वास हाय तुमच्यावर. टाका बिनधास्त." मी कॉम्प्युटरवर बसले आणि टाकली.

चारच दिवसांत सरांनी ती फाईल सगळ्या कॉलेजांच्या ग्रुपवर पाठवली. 'माझ्या नोट्स. सर्वांनी निःसंकोच वापराव्यात.' देगलूर, धर्माबाद, उदगीर, उमरी, सगळीकडून जोडलेले हात आले. सर दिवसभर मोबाईल हातात घेऊन फिरत होते.

माझ्या वर्गातल्या एका पोरीनं हळूच विचारलं, "मॅडम, हीच उदाहरणं लिहायची परीक्षेत?" मी म्हणाले, "हीच लिहा. बरोबर आहेत." पोरांना मी माझ्या भांडणात ओढलं, हे खरं आहे. पण त्यांचा अर्धा मार्कसुद्धा जाणार नव्हता, याची मी आधीच खात्री करून घेतली होती.

परीक्षा झाली. पेपर तपासायला आम्हा सगळ्यांना विद्यापीठात बोलावलं. मोठा हॉल, लांब टेबलं, उत्तरपत्रिकांचे गठ्ठे. सर माझ्या पुढच्या रांगेत होते. आणि तपासलेले पेपर पुन्हा बघायला मॉडरेटर म्हणून कोण, तर लातूरचे तेच जाकीटवाले सर. त्यांनी मला पाहिलं आणि नजर दुसरीकडं वळवली. पेपरात प्रयोगावर प्रश्न होता, तो दरवर्षीच असतो.

अकराच्या सुमाराला कोपऱ्यातून देगलूरचे एक सर हसले. "अरे, हे काय? विभागप्रमुख वही चोरतो?" शेजारच्या बाई म्हणाल्या, "अगं बाई, माझ्याकडंबी तेच हाय." मग तिसरा, मग चौथा. किनवटचा गठ्ठा, धर्माबादचा गठ्ठा, कुठलाही उघडा, वेगवेगळ्या अक्षरांत तीच तीन वाक्यं. कुणीतरी उभं राहून मोठ्यानं वाचलं, "बाईने चोराला ओळखले!" आणि अख्खा हॉल हसत सुटला.

मी मान खाली घालून तपासत होते. समोर सरांचा हात थांबला होता. त्यांच्याही गठ्ठ्यात तेच होतं. बहुतेक त्यांनी आयुष्यात पहिल्यांदाच माझं अकरावं पान वाचलं. त्यांचे कान लालबुंद झाले होते.

"कुणाच्या नोट्समधलं आहे हे?" जाकीटवाल्या सरांनी विचारलं. कुणीतरी ग्रुप उघडला, फाईल उघडली. फोटो, नाव, सगळं. हसणं थांबलं आणि सगळे सरांकडं बघायला लागले.

सर उठले. "या माझ्या न्हाईत," ते म्हणाले. "या... या मॅडमनं लिहिल्यात." माझ्याकडं बोट केलं. "याच काय, सगळ्याच त्यांनी लिहिल्यात. पहिल्यापासून."

दोन वर्षं मला हेच ऐकायचं होतं. भर हॉलमध्ये, त्यांच्या तोंडून, आणि ज्यानं मला चोर म्हटलं त्या माणसासमोर.

जाकीटवाले सर माझ्या टेबलापाशी आले. "मॅडम, या तुमच्या नोट्स आहेत?"

हो म्हणायचं. एवढंच. ओठावर आलंही होतं. पण सरांच्या तोंडाकडं पाहिलं आणि दिसलं की ते सुटकेचा श्वास घेऊन राहिलेत. मी हो म्हटलं की ते सुटणार. संध्याकाळपर्यंत सगळीकडं सांगणार, बघा, विश्वासानं आयडी दिला आणि बाईनं काय केलं. माझ्या डोक्यात तिडीक गेली.

"नाही सर," मी म्हणाले. "माझ्या कशा असतील? मला तर आयडीच नाही."

"नक्की?" त्यांनी पुन्हा विचारलं. "नीट आठवून सांगा."

"नक्की."

ते सरांकडं वळले. सर माझ्याकडं बघत होते. इतक्या वर्षांत त्यांनी माझ्याकडं पहिल्यांदाच काहीतरी मागितलं असेल. मी लाल पेन उचललं आणि पुढचं पान उलटलं.

"माझ्याच हायेत," सर म्हणाले आणि खाली बसले.

"वाक्यं बरोबर आहेत," जाकीटवाले सर म्हणाले. "पूर्ण मार्क द्या." मग दिवसभर आमचे सर 'विभागप्रमुखाने वही चोरली' या वाक्यापुढं बरोबरची खूण करत राहिले आणि मी मागं बसून ते पाहत राहिले. मला लई बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, नेट पास झाले तेव्हासुद्धा इतकं बरं वाटलं नव्हतं.

पाच वाजता निघाले तर जिन्यावर जाकीटवाले सर उभे होते. आजूबाजूला कुणी नाही असं बघून म्हणाले, "लातूरची ती जागा आम्ही अजून भरलेली नाही. त्या दिवसापासून मलाही शंका होती. त्या प्रस्तावनेत 'मी सांगते' आहे, ते मी नंतर वाचलं. म्हणून आज दोनदा विचारलं तुम्हाला, चार लोकांसमोर."

मी दोन पायऱ्या उतरून त्यांच्यासमोर आले.

"पण तुम्ही स्वतःच नाही म्हणालात," ते म्हणाले. "आता मी तिथं काय सांगू?"

आत्ता हो म्हटलं तरी आमचे सर सुटणारच होते. "नाहीच म्हणून सांगा सर," मी म्हणाले. ते मान हलवून खाली गेले. मला वाटलं, वळून आणखी एकदा विचारतील. मी कठड्याला धरून उभी राहिले. गेटापाशी त्यांची गाडी सुरू झाल्याचा आवाज आला तेव्हा मायचा फोन वाजत होता, आणि तिला काय सांगायचं ते मला सुचत नव्हतं.